लायनर सुटला म्हणून गोंदाला दोष देऊ नका
वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका, माझ्याकडे रिमोटनं उडवायचं ३० वर्गाचं (०.३० घनइंचाच्या आसपासच्या इंजिनचं), नायट्रो म्हणजे मेथॅनॉलच्या इंधनावर चालणारं मॉडेल हेलिकॉप्टर आहे, जुनंच विकत घेतलेलं. दिवाळीपासून एक त्रास सुरू आहे. इंजिन आयडलवर, म्हणजे सगळ्यात मंद वेगाला असतानाही पाती हळूहळू फिरत राहतात. उचलताना क्लचमधून किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि मग एकदम पकड बसते. उघडून पाहिलं तर बेलच्या (क्लचवरच्या धातूच्या टोपीच्या) आत काळी भुकटी होती आणि लायनरचं, म्हणजे आत चिकटवलेल्या घर्षणपट्टीचं, एक टोक सुटून आत वाकलेलं होतं. पाच मिनिटांत सुकणाऱ्या इपॉक्सीनं ते चिकटवलं, दुसऱ्याच टाकीला सुटलं. पुन्हा चिकटवलं, पुन्हा सुटलं. आता नवी पट्टी मागवली आहे. गोंद कोणता वापरू? आणि लायनर बदलायला सगळं यंत्र खोलावं लागेल का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : नुसतं गोंदाचं नाव लिहून पाठवलं असतं, पण मग लायनर तिसऱ्यांदाही सुटेल. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक विनंती. नवी पट्टी बसून गोंद पूर्ण सुकेपर्यंत हे इंजिन एकदाही सुरू करू नका. "नुसतं बघायला" म्हणूनसुद्धा नको. सुटलेलं टोक शू (क्लचचे फिरताना बाहेर फाकून बेलला धरणारे तुकडे) आणि बेल यांच्यामध्ये पाचरीसारखं घुसतं. तसं झालं की क्लच उरतच नाही, इंजिन फिरलं की पाती फिरणारच. २००६ च्या मे महिन्यात मी तुमच्यासारखंच पाच मिनिटांचं इपॉक्सी लावलं आणि तासाभरात रानात गेलो. आम्ही पन्हाळ्याच्या बाजूला, ऊस तुटल्यावर मोकळ्या पडणाऱ्या रानात उडवतो. पहिली टाकी छान गेली. दुसऱ्या वेळी स्टार्टर लावला, इंजिन सुरू झालं आणि डाव्या हातात धरलेलं रोटर हेड (पाती जोडलेला मधला भाग) हिसडा देऊन सुटलं. पात्याचा मार मनगटाच्या वर बसला, सात टाके पडले. बेल उघडली तर लायनर दुमडून शूच्या पाठीवर बसला होता. ती खूण अजून हातावर आहे, म्हणून एवढं आग्रहानं सांगतोय.

आता गोंदाचा हिशेब करू. इंजिन एक अश्वशक्तीचं धरा, फेरे मिनिटाला १५,०००. बेलची आतली भिंत केंद्रापासून १९ मिलिमीटरवर आहे असं समजा. तिथं लायनरवर जी ओढ येते ती भरते अडीच किलोच्या आसपास. चिकटलेलं क्षेत्रफळ असतं दहा-बारा चौरस सेंटीमीटर. साधं दोन ट्यूबवालं अराल्डाइट स्वच्छ धातूवर नीट सुकलं तर थंड असताना एका चौरस सेंटीमीटरला शंभर किलोहून जास्त ओढ सोसतं. म्हणजे सांधा हजार किलोचा आणि ओढ अडीच किलोची. क्लच धरतानाचा धक्का दहापट धरला तरी पंचवीस किलो. शिवाय फिरताना पट्टी बाहेरच्या बाजूला फेकली जाते, म्हणजे भिंतीवरच दाबली जाते. एका ग्रॅमची पट्टी या वेगाला पावणेपाच किलोच्या जोरानं भिंतीला टेकते. ॲक्टिव्हाचा क्लच खोललेला पाहिला असेल तर आठवा, तिथं लायनर शूच्या पाठीवर असतो आणि ड्रम कोरा असतो. आपल्याकडे उलट आहे. लायनर बेलमध्ये, शू कोरे. या उलट मांडणीचा फायदा हाच, की वेग वाढेल तशी पट्टी आणखी घट्ट बसते.

एवढं सगळं आपल्या बाजूनं असूनही पट्टी सुटते, तर गोंदाच्या ताकदीत कमतरता नसते. गोंदाच्या खाली तेल असतं, किंवा गोंद तापून मऊ पडलेला असतो, किंवा तो सुकायच्या आत आपण घाई केलेली असते. तुमच्या बाबतीत तिन्ही झालंय असं पत्रावरून दिसतं. नायट्रोच्या इंधनात सुमारे पाचवा हिस्सा तेलच असतं. ते धुरासारखं सगळीकडे बसतं आणि एकदा सुटलेल्या टोकाखाली शिरलं की कोणताही गोंद धातूपर्यंत पोचत नाही. सुटलेलं टोक परत चिकटवून कधीच टिकत नाही. पूर्ण पट्टी काढायची आणि नवी लावायची. पाच मिनिटांचं इपॉक्सी घरातल्या कपाच्या कानाला ठीक आहे. क्लच घसरला की बेल हात लावता येणार नाही इतकी तापते आणि ते इपॉक्सी तिथं च्युइंगगमसारखं होतं.

माझी एकतीस वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात ब्रेक शू आणि क्लच प्लेटना लायनर चढवण्यात गेली. ट्रकचे शू आम्ही रिव्हेटनं मारायचो, लहान गाड्यांचे भट्टीत दाबून चिकटवायचो. आमचे उस्ताद नवीन पोराला पहिले सहा महिने गोंदाच्या डब्याला हातसुद्धा लावू देत नसत. घासायचं, धुवायचं, पुसायचं, आणि पांढरी चिंधी त्यांना नेऊन दाखवायची. चिंधीवर करडी रेघ दिसली की परत धुवायला पाठवायचे. तेव्हा राग यायचा. पण त्या भट्टीतून निघालेला शू सुटून परत आलेला मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा पाहिला.

खोलण्याविषयी. सगळं यंत्र खोलावं लागत नाही. रोटर हेड, शेपूट, सर्व्हो यांना हात लावू नका. ३० वर्गाच्या बहुतेक यंत्रांत इंजिनचा शाफ्ट वर तोंड करून असतो. त्याच्यावर फॅन, फॅनवर क्लच, क्लचवर उलटी टोपी घातल्यासारखी बेल, आणि बेलच्या डोक्यावर पिनियन, म्हणजे लहान दातेरी चाक, जो पात्यांच्या मोठ्या चाकाला, मेन गिअरला फिरवतो. कॅनॉपी (पुढचं कवच) काढा, टाकी पूर्ण रिकामी करा, सायलेन्सर, इंधनाची नळी आणि थ्रॉटलची काडी सोडवा. मग इंजिन माउंटचे स्क्रू काढले की इंजिन, फॅन आणि क्लच एकत्र खाली उतरतात. बेल वर तिच्या बेअरिंग ब्लॉकमध्ये राहते, ती वेगळी काढायची. टाकी रिकामी करताना लक्षात ठेवा, मेथॅनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही. मेणबत्ती, विडी, देव्हाऱ्यातला दिवा, काहीही जवळ नको.

पण स्क्रूला हात लावण्याआधी दोन मिनिटं एक परीक्षा करा. एका हातानं फॅन घट्ट धरा आणि दुसऱ्या हातानं पाती उलट्या दिशेला हळू फिरवा. सरळ दिशेला फिरवलीत तर वन-वे बेअरिंग (एकाच दिशेला पकडणारं) मोकळं सुटतं आणि काहीच कळत नाही. उलट फिरवली की मेन गिअर आणि त्याबरोबर बेलही फिरते. ती पूर्ण फेरा मोकळी फिरली पाहिजे. फेऱ्यात एकाच जागी घासत असेल तर लायनर तिथं उठलाय. सगळीकडे सारखी घासत असेल तर एक तर शू मिटत नाहीत किंवा क्लच मध्यावर नाही. हे आत्ताच कळलेलं बरं, कारण एकदा सगळं उतरलं की ही खूण पुसली जाते.

आयडलवर पाती फिरण्याचं आणखी एक साधं कारण असतं, आयडलच जास्त ठेवलेलं असतं. शू बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. पाच ग्रॅमचा शू, केंद्रापासून १५ मिलिमीटरवर, १५,००० फेऱ्यांना जवळजवळ एकोणीस किलोनं भिंतीला दाबतो. ३,००० फेऱ्यांना तोच जोर फक्त पाऊण किलो असतो, आणि शूची स्प्रिंगसारखी मान तो आरामात धरून ठेवते. आयडल ३,००० वरून ४,५०० वर नेलंत तर जोर सव्वादोन पट होतो. मग नवा लायनर लावूनही पाती फिरतच राहतील आणि तुम्हाला वाटेल काम बिघडलं. बंद पडतं म्हणून आयडल चढवून ठेवलं असेल तर आधी ग्लो प्लग (इंधन पेटवणारा प्लग) आणि आयडलच्या सुईची ठेवण बघा.

बेल हातात आली की पहिलं काम बेअरिंग काढणं. आपण बेल तापवणार आहोत, आणि त्या उष्णतेत बेअरिंगचं ग्रीस वितळतं, रबरी सील वाकतं. बेअरिंग निघाली की बेल पकडीत धरून हॉट एअर गननं बाहेरून तापवा. हे घराबाहेर किंवा गॅलरीत करा. स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये अजिबात नको, त्या गोंदाचा आणि जुन्या तेलाचा धूर अन्नाच्या जागी जाता कामा नये. गोंद मऊ पडला की लाकडी किंवा पितळी पट्टीनं लायनर एका टोकाकडून उचला. पटाशी किंवा ब्लेड वापरू नका, ॲल्युमिनियमच्या बेलला ओरखडा बसला की तिथून पुढे तडा जातो. भुकटी फुंकून उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये काय घातलंय हे कोणी सांगू शकत नाही आणि कित्येक जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा. ओल्या फडक्यानं टिपून घ्या आणि फडकं पिशवीत बांधून टाकून द्या. आम्ही दुकानात वर्षानुवर्षं कॉम्प्रेसरच्या हवेनं ती धूळ उडवली. आज कोणी तसं करताना दिसलं की मी जाऊन नळी बंद करतो.

तापवल्यानं आणखी एक होतं. पिनियन बेलला स्क्रूनं किंवा आट्यांवर थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) लावून बसवलेला असेल तर तो थ्रेडलॉकही सैल होतो. बेल गार झाल्यावर तो काढून, आटे स्वच्छ करून, निळा थ्रेडलॉक लावून परत घट्ट करा.

आता सफाई. उरलेला गोंद निघाला की आतली भिंत १८० नंबरच्या पॉलिश पेपरनं तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा पडतील अशी घासा. चकाकी पूर्ण गेली पाहिजे. मग ॲसिटोन. पेट्रोल, रॉकेल, रंगवाल्याचं थिनर, यातलं काहीही नको, कारण ते वाळल्यावर मागे पातळ थर राहतो. नेलपॉलिश काढायच्या बाटलीतही नखांसाठी तेल मिसळलेलं असतं, तेही नको. पांढऱ्या सुती चिंधीला ॲसिटोन लावून पुसा, चिंधी बदला, परत पुसा. चिंधी पांढरीच निघेपर्यंत थांबू नका. त्यानंतर आत बोट लावायचं नाही आणि तासाभरात गोंद लागला पाहिजे. नव्या पट्टीची चिकटणारी बाजूही हलकी घासून पुसून घ्या.

पट्टीची लांबी अंदाजानं कापू नका. बेलच्या आतल्या व्यासातून पट्टीची जाडी वजा करा आणि ३.१४ नं गुणा. व्यास ४० मिलिमीटर आणि जाडी १ मिलिमीटर असेल तर ३९ गुणिले ३.१४, म्हणजे साधारण १२२.५ मिलिमीटर. अर्धा मिलिमीटर जास्तच कापा आणि गोंद न लावता बसवून बघा. दोन्ही टोकं एकमेकांना रेटून धरतील आणि पट्टी स्वतःच भिंतीला चिकटून उभी राहील इतकी ती घट्ट हवी. हे जमेपर्यंत पॉलिश पेपरवर टोक घासत राहायचं. फट राहिली तर ती पट्टी वाया गेली असं समजा. फटीत शूची कड अडकते आणि तिथूनच टोक उचलायला सुरुवात होते. टोकं सरळ कापण्याऐवजी दोन्हीकडे सारखी तिरकी, ४५ अंशात कापा, म्हणजे शूची कड जोडावरून एकदम न जाता सरकत जाते.

गोंद. जास्त उष्णता सोसणारं, हळू सुकणारं, धातूसाठीचं दोन भागांचं इपॉक्सी घ्या. डब्यावर किती अंशांपर्यंत टिकतं ते लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या. तसं मिळालंच नाही तर साधं, चोवीस तासांचं अराल्डाइट चालेल, पण क्लच घसरू द्यायचा नाही ही अट. दोन्ही भाग डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात घेऊन दोन-तीन मिनिटं घोटा. भिंतीवर पातळ, कागदाएवढा थर लावा. जाड थर लावणाऱ्याला वाटतं जास्त गोंद म्हणजे जास्त पकड. प्रत्यक्षात जाड थरामुळे लायनर वर्तुळात राहत नाही, कुठं उंच, कुठं खोल होतो.

दाबून धरण्यासाठी मी एक सागवानी गुटका करून घेतलाय. आमच्या शेजारच्या लेथवाल्यानं बेलच्या आतल्या मापापेक्षा थोडा बारीक गोल गुटका कातून दिला. त्याला मधोमध करवतीनं चीर दिली आणि त्या चिरेत जाणारी एक लाकडी पाचर केली. गुटक्यावर पॉलिथीन गुंडाळायचं, बेलमध्ये घालायचं आणि पाचर हलक्या हातानं ठोकायची. गुटका फुलतो आणि पट्टी सगळीकडून सारखी दाबली जाते. लेथ जवळ नसेल तर सायकलच्या ट्यूबची पट्टी लाकडावर गुंडाळून घट्ट बसवा. पण चिमटे लावू नका, चिमटा दोन जागी दाबतो आणि दहा जागी सोडतो. नंतर बेल चोवीस तास तशीच ठेवा. मी अठ्ठेचाळीस ठेवतो. शेवटचे दोन-तीन तास टेबललॅम्पच्या उबेत ठेवली तर गोंद आणखी पक्का होतो.

पाचर काढल्यावर कडेला आलेला गोंद साफ करा, बेअरिंग बसवा आणि क्लच आत घालून फिरवा. पूर्ण मोकळा फिरला पाहिजे. अडत असेल तर गोल दांड्याला २४० चा पेपर गुंडाळून सगळीकडे सारखं घासा. शक्य असेल तर बेल लेथवर तिच्या बेअरिंगच्या मापावर धरून लायनर कातून घ्या. हे काम लेथवाल्याला पाच मिनिटांचं आहे, आणि त्याच्याइतकं गोल हातानं होत नाही.

इथपर्यंत सगळेच करतात. पुढचं बहुतेक जण करत नाहीत, आणि लायनर परत जातो तो तिथंच. जुन्या पट्टीकडे नीट पाहा. सगळीकडे सारखी झिजली होती, की एका बाजूला कागदासारखी पातळ आणि दुसऱ्या बाजूला नवीसारखी? एका बाजूला झिजली असेल तर बेल किंवा लायनर आपल्याच अक्षावर गोल फिरत नाही. बेल तिच्या बेअरिंगशी मध्यावर नसते किंवा लायनर कुठं उंच, कुठं खोल बसलेला असतो. इंजिन माउंट तिरका असेल तर झीज सगळीकडे होते. फॅन किंवा क्लच हेलकावत असेल तरी झीज सगळीकडेच होते, पण शूची एकच पाठ चकाकते. डायल गेज (बारीक हेलकावा मोजणारं काट्याचं माप) लावून फॅन हबवर क्लच बसतो ती जागा तपासा. काट्याला येणारा फरक ०.०५ मिलिमीटरच्या आत हवा. जास्त आला तर हब सोडवून पाव फेरा फिरवून परत घट्ट करा आणि परत मोजा. बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या जागी आपोआप जुळतो. नाही जुळला तर हब बदला. डायल गेज प्रत्येकाकडे नसतं हे मला माहीत आहे. कोणत्याही चांगल्या मशीनशॉपमध्ये जा, हातातलं यंत्र दाखवा, कोणी नाही म्हणत नाही. उलट चार जण बघायला गोळा होतात.

इंजिन परत वर चढवताना माउंटचे स्क्रू आधी सैलच ठेवा. क्लच बेलमध्ये जाऊ द्या, पाती उलटी फिरवत राहा, इंजिन थोडं इकडेतिकडे होऊन आपली जागा घेईल. मग स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून घट्ट करा, आणि प्रत्येक वेळी बेल मोकळी फिरते का बघा. धातूत धातू जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळा थ्रेडलॉक, पण थेंबभरच, आणि बेअरिंगच्या जवळ तर काडीनं. पिनियन आणि मेन गिअर यांच्यामध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून दात बसवा. कागद चुरगळून बाहेर यावा, फाटू नये.

पहिली टाकी जमिनीपासून फूट-दोन फूट वर, नुसतं तरंगत. थ्रॉटल सावकाश. वाटेत मध्येच थांबू नका, क्लच अर्धवट धरलेल्या वेगाला रेंगाळला की सगळी ताकद उष्णतेत जाते. टाकी संपली की बेलला हात लावून बघा. कोमट असेल तर काम झालं.

प्रश्न : लायनर सुटलेला नाही, झिजलेलाही नाही, तरी क्लच घसरतो. आत तेलाचा ओलसर थर आहे. पुसला की दोन दिवस चालतं, मग परत तेच.
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : तुमच्या इंजिनचं पुढचं बेअरिंग गळतंय. हेलिकॉप्टरमध्ये इंजिनचा शाफ्ट वर तोंड करून असतो, म्हणून पुढच्या बेअरिंगमधून येणारं तेल थेट फॅनवर येतं आणि फॅन ते क्लचवर उडवतो. विमानाच्या मॉडेलमध्ये हेच तेल वाऱ्यानं मागे जातं, कुणाच्या लक्षातही येत नाही. फॅन काढून शाफ्टच्या बुडाशी तेलाचं कडं आहे का पाहा. असेल तर आधी बेअरिंग बदला, मग लायनर. लायनर नुकताच ओला झाला असेल तर अल्कोहोलनं धुऊन, हलकं तापवून, २४० च्या पेपरनं वरचा चकचकीत थर काढला की चालतो. तापवल्यावर परत तेल वर येत असेल तर त्यानं ते आतपर्यंत प्यायलंय, तो काढाच.

प्रश्न : पट्टी परदेशातून मागवायला वेळ लागतो. स्कूटरच्या ब्रेक शूचा लायनर तासून बसवला तर?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : हा विचार माझ्याही मनात आला होता, आणि माझ्याकडे तर लायनरचा ढीग होता. नका करू. ब्रेक शूचं लायनिंग साच्यात दाबून कडक केलेलं असतं, कित्येक मिलिमीटर जाड आणि मोठ्या गोलाईचं. दोन सेंटीमीटरच्या त्रिज्येत ते वाकत नाही, तुटतं. तासून एक मिलिमीटरवर आणलं तर जाडी सारखी राहत नाही, आणि १५,००० फेऱ्यांना अर्ध्या ग्रॅमचा फरकसुद्धा बेअरिंगला जाणवतो. गुंडाळीत मिळणारं विणलेलं, लवचिक लायनिंग पातळ जाडीत मिळालं तर ते चालतं. मोठ्या शहरात औद्योगिक ब्रेक-क्लचचं सामान विकणाऱ्यांकडे चौकशी करा, आणि पट्टी घेण्याआधी बोटाभोवती वाकवून बघा. कडेला तडे गेले तर परत ठेवा.

प्रश्न : क्लचच्या शूच्या मानेला केसाएवढी चीर दिसते आहे. आर्गॉन वेल्डिंग करून घेऊ का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : नाही. वर हिशेब दिलाय, पाच ग्रॅमचा शू पूर्ण वेगात एकोणीस किलोनं बाहेर ओढला जातो, आणि तो सगळा भार त्या बारीक मानेवर असतो. वेल्डिंगच्या उष्णतेनं मानेतला स्प्रिंगचा गुण जातो. मग एक तर शू मिटत नाही किंवा पुढच्या उड्डाणात तुटून बेलमध्ये अडकतो. चीर दिसली त्याच दिवशी तो क्लच हातोड्यानं वाकवून टाका, म्हणजे घरातलं कोणी चुकून परत बसवणार नाही. नवा क्लच घेताना बेलही तपासा. चिरलेला शू नीट मिटत नसतो, त्यामुळे लायनरवर खोल पट्टा पडलेला असतो.

प्रश्न : माझा मुलगा १४ वर्षांचा आहे. त्याला त्याच्या मामाचं जुनं नायट्रो हेलिकॉप्टर मिळालं आहे आणि तो लायनर बदलून ते सुरू करणार म्हणतो. तुमची जुनी उत्तरं कापून ठेवली आहेत त्यानं. मी करू देऊ का?
— एक आई, रत्नागिरी

उत्तर : ताई, लायनर त्याला बदलू द्या. घासणं, मोजणं, तिरकं कापणं, दोन दिवस वाट बघणं, हे सगळं चौदाव्या वर्षी शिकायला उत्तम आहे. ॲसिटोन आणि हॉट एअर गनच्या वेळी मात्र तुम्ही किंवा घरातलं मोठं माणूस शेजारी हवं, दारं-खिडक्या उघड्या हव्यात, आणि ही दोन्ही एका वेळी टेबलावर नकोत. ॲसिटोनची बाटली बंद करून दुसऱ्या खोलीत गेल्याशिवाय गन चालू करायची नाही.

सुरू करणं वेगळं. या यंत्राच्या रोटरचा व्यास सव्वा मीटरच्या आसपास असतो आणि तो मिनिटाला १,६०० च्या पुढे फिरतो. पात्याचं टोक ताशी पावणेचारशे किलोमीटरनं जात असतं. म्हणून पहिले दोन-तीन महिने संगणकावरचा सिम्युलेटर, मग बिनक्लचचं लहान इलेक्ट्रिक हेलिकॉप्टर, आणि त्यानंतर हे, तेही अनुभवी माणूस शेजारी उभा असताना. इंधनातलं मेथॅनॉल विषारी आहे, त्याची बाटली पाण्याच्या बाटलीसारखी दिसणारी नसावी आणि कुलपात असावी. उडवायच्या जागेचंही बघा. ड्रोन नियम, २०२१ मध्ये २५ किलोपर्यंतचं, छंदासाठी आणि नजरेच्या टप्प्यात उडवलं जाणारं यंत्र मॉडेल म्हणून धरलं आहे, पण मनाई असलेलं क्षेत्र त्यालाही लागू असतं. तुमच्याकडे विमानतळ आणि तटरक्षक दल दोन्ही आहेत, म्हणून आधी हवाई क्षेत्राचा नकाशा पाहून मगच मैदान ठरवा.

बेल चिकटवून झाली की त्याला पांढऱ्या चिंधीचा फोटो काढून पाठवायला सांगा. चिंधी कशी निघाली ते मला बघायचं आहे.